रिपोर्ट नॉर्मल आला, मग गोळी कशाला?



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांनी आयुष्यभर मुलांना गणित शिकवले. आज मला जे सांगायचे आहे तेही शेवटी एका गुणाकारावर येऊन थांबते, म्हणून हा विषय बालाघाटात मांडायला मला विशेष समाधान वाटते आहे.

वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरचे रुग्ण मी वर्षानुवर्षे पाहतो आहे. वारासिवनीचे, लांजीचे, कटंगीचे, गोंदियाचे. कोणी घरात मराठी बोलतो, कोणी पोवारी, कोणी हिंदी. पण एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी सारखेच असते: “साहेब, रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणून गोळी बंद केली.” हे वाक्य ऐकले की मला काळजी वाटते. बोलणाऱ्याचा त्यात दोष नाही. ताप उतरला की गोळी बंद, जखम भरली की मलम बंद, असेच आपण लहानपणापासून शिकलो. कोलेस्टेरॉल या शिकवणीत बसत नाही, हे त्याला कोणी नीट बसवून सांगितलेलेच नसते. आज ते सांगण्याचा प्रयत्न करतो.

कोलेस्टेरॉल हे विष नाही. शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात ते असते. पित्त त्यापासून बनते, ड जीवनसत्त्व त्यापासून बनते, स्त्री-पुरुषांची संप्रेरके त्यापासून बनतात. बाहेरून एक कणही मिळाला नाही तरी यकृत ते तयार करते. रक्तातल्या कोलेस्टेरॉलचा मोठा भाग असा घरचाच असतो, ताटातून येणारा वाटा त्यामानाने थोडा. म्हणून “मी तर शाकाहारी आहे, मला कसे झाले?” या प्रश्नाचे उत्तर असे की यकृत शाकाहारी माणसालाही असते.

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते रक्तातून प्रथिनांच्या वेष्टनात फिरते. यकृताकडून शरीरभर ते घेऊन जाणारे मुख्य कण म्हणजे एलडीएल. एचडीएल उलट दिशेने, परत यकृताकडे नेण्याचे काम करते. याखेरीज रिपोर्टात ट्रायग्लिसराइड असते. ती चरबी वेगळी, तिचा संबंध साखर, पिष्ट आणि दारूशी जास्त. एलडीएलचा आकडा पुष्कळ लॅबमध्ये मोजत नाहीत, काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचे, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. हे फ्रीडवाल्डचे १९७२ सालचे सूत्र. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की ते चुकते, तेव्हा एलडीएल थेट मोजून घ्यावे. घरी पेन्सिलीने करता येईल असा आणखी एक हिशेब आहे. एकूण आकड्यातून फक्त एचडीएल वजा करा. उरते ते नॉन-एचडीएल, म्हणजे धमनीला अपाय करणारे सगळे कोलेस्टेरॉल एकत्र. आपल्या लोकांत हा आकडा एकट्या एलडीएलपेक्षा जास्त खरे बोलतो, असे माझे मत आहे. बहुतेकांना यासाठी उपाशीपोटी जाण्याचीही गरज नाही.

आता रिपोर्टाच्या उजव्या बाजूला छापलेली ती ‘नॉर्मल’ची चौकट. सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. ती चौकट सगळ्यांसाठी एकच छापलेली असते. पंचविशीतल्या धडधाकट मुलीला तीच आणि दोन वर्षांपूर्वी झटका येऊन गेलेल्या साठीच्या गृहस्थालाही तीच. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, २०२४ मध्ये आपल्या देशासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार ज्यांना धोका कमी त्यांचे एलडीएल १०० च्या खाली असावे. मधुमेह किंवा रक्तदाब यांसारख्या गोष्टींमुळे ज्यांचा धोका जास्त आहे त्यांचे ७० च्या खाली. ज्यांना झटका किंवा पक्षाघात होऊन गेला आहे त्यांचे ५५ च्या खाली. म्हणजे झटका येऊन गेलेल्या माणसाचे एलडीएल ९५ आले आणि लॅबच्या कागदावर त्यापुढे लाल खूण नसली, तरी त्याच्यासाठी ते जास्तच आहे. आपला आकडा त्या छापील चौकटीशी जुळवू नका. ‘माझे लक्ष्य किती?’ हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा आणि फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

बहुतेकांच्या डोक्यात धमनीचे चित्र नळाचे असते. नळात गाळ बसत गेला, एक दिवस नळ बंद झाला, झटका आला. हे चित्र सोपे आहे, पण चुकीचे आहे. चरबी पोकळीत साचत नाही, भिंतीच्या आत शिरते. एलडीएलचे कण धमनीच्या अस्तराखाली अडकतात, तिथे दाह होतो, पांढऱ्या पेशी ते कण गिळतात आणि फुगतात. वर्षानुवर्षे भिंतीच्या आत एक मऊ गाठ वाढत राहते. पोकळी बराच काळ मोकळीच असते, म्हणून छातीत दुखत नाही, दम लागत नाही, ट्रेडमिलवरची तपासणीही चांगली येते. मग एखाद्या पहाटे त्या गाठीचे पातळ आवरण फाटते, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत धमनी बंद होते. “काल तर शेतावर गेला होता” असे घरचे लोक रडत रडत सांगतात, ते अगदी खरे असते. आवरण फाटेपर्यंत त्याला कसलाच त्रास नव्हता.

इथे गुरुजींचा गुणाकार येतो. भिंतीत किती चरबी शिरली हे आजच्या आकड्यावर ठरत नाही. एलडीएल किती होते आणि किती वर्षे होते, या दोन्हींच्या गुणाकारावर ठरते. विशीपासून पन्नाशीपर्यंत १६० घेऊन जगलेला माणूस आणि पंचेचाळिशीत पहिल्यांदा १६० झालेला माणूस, दोघांचे रिपोर्ट आज एकसारखे दिसतील. दोघांच्या धमन्या एकसारख्या नसतील.

याचा फार सुंदर पुरावा २००६ साली अमेरिकेतून आला. तिथल्या काही कृष्णवर्णीय लोकांत पीसीएसके-९ नावाच्या जनुकात जन्मतःच एक बिघाड सापडला होता. बिघाड असला तरी तो फायद्याचा. त्यांचे एलडीएल इतरांपेक्षा सरासरी २८ टक्के कमी होते. डॅलसमधल्या हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांच्या गटाने पंधरा वर्षांची नोंद तपासली, तेव्हा या लोकांत हृदयविकार ८८ टक्क्यांनी कमी आढळला. साठीत गोळी सुरू करून एलडीएल साधारण तेवढेच खाली आणले, तर पाच वर्षांत धोका पाव हिश्शाच्या आसपास घटतो. घट तेवढीच, पण एकाला ती जन्मापासून मिळाली आणि दुसऱ्याला साठीनंतर. माझे सगळे म्हणणे या दोन आकड्यांच्या फरकात आहे. गोळी बंद केली की एलडीएल काही आठवड्यांत पुन्हा जुन्या जागी जाते आणि गुणाकार पुढे चालू होतो. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे आला.

हा गुणाकार आपल्याकडे इतरांपेक्षा लवकर फळाला येतो. इंटरहार्ट नावाचा ५२ देशांतला मोठा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या दक्षिण आशियाच्या भागाचे विश्लेषण २००७ साली छापून आले आणि त्याचे पहिले लेखक नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. प्रशांत जोशी होते. आपल्या भागातल्या माणसाने जगाला दाखवून दिले की भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ आणि श्रीलंका या देशांत पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो आणि इतर देशांत जवळजवळ ५९ व्या वर्षी. कारण रक्तात काही गूढ आहे असे नव्हे. तीच नेहमीची कारणे आपल्याकडे लवकर जमतात आणि तारणाऱ्या गोष्टी कमी पडतात. बऱ्यापैकी व्यायाम करणारे आपल्याकडे सहा टक्के, इतरत्र सुमारे बावीस. रोज फळे-भाज्या खाणारे आपल्याकडे सव्वीस टक्क्यांच्या आसपास, इतरत्र पंचेचाळीस.

आयसीएमआरच्या पाहणीत महाराष्ट्रासह चार ठिकाणच्या लोकांची रक्ततपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. शंभरातल्या ७९ जणांच्या रक्तात चरबीची निदान एक तरी गोष्ट बिघडलेली होती. सर्वांत जास्त आढळले ते कमी एचडीएल, ७२ टक्के लोकांत, आणि वाढलेले ट्रायग्लिसराइड सुमारे तीस टक्क्यांत. हा आपला खास नमुना आहे आणि तो फक्त तुपाने घडलेला नाही. मोठा वाटा भात, मैदा, साखर आणि बसून राहणे यांचा आहे.

बालाघाटात भाताविषयी बोलताना मी जपून बोलतो. हा धानाचा जिल्हा आहे. तुमच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये जीआय मानांकन मिळाले आणि त्याचा वास ज्याने एकदा घेतला त्याला भात सोडा म्हणून सांगणे अन्यायाचे आहे. मी तसे सांगत नाही. तुमच्या आजोबांचे ताट भातानेच भरलेले असे. पण आजोबा पऱ्हे काढत, चिखलात रोवणी करत, बांधीच्या पाळीवरून मैलोन्‌मैल चालत. आता नांगरणीला ट्रॅक्टर आला, कापणीला हार्वेस्टर आला, दुकानापर्यंत जायला मोटारसायकल आली. ताट आजोबांचेच राहिले, अंगमेहनत गेली. शिवाय त्या ताटात लाखोळीचे वरण होते, जवसाची चटणी होती, अंबाडी होती, बोडीतली मासोळी होती. बैहरकडच्या बैगांच्या घरी कोदो-कुटकी होती. हे सगळे आक्रसले आणि भात तेवढा जागच्या जागी उरला. म्हणून माझा आग्रह एवढाच की भाताचा ढीग अर्ध्यावर आणा, मोकळ्या झालेल्या जागेत डाळ आणि भाजी वाढा, आणि रात्री जेवून लगेच आडवे होऊ नका. ट्रायग्लिसराइड यानेच खाली येते, आणि बरेच येते.

तेलाविषयी थोडक्यात सांगतो. जवसाच्या तेलातली निम्म्याहून जास्त चरबी ओमेगा-३ जातीची असते. चटणी जरूर खा, पण ते तेल कढवू नका. राइस मिलमधल्या कोंड्यापासून निघणारे तेल स्वयंपाकाला चांगले. मोहाच्या बियांचे तेल थंडीत गोठते, म्हणजे त्यात संपृक्त चरबी भरपूर आहे. ते अधूनमधून चालेल, रोज नको. वनस्पती तुपातली ट्रान्स चरबी सगळ्यांत वाईट, ती एलडीएल वाढवते आणि एचडीएल घटवते. २०२२ पासून देशात तेल-तुपांतल्या तिच्या प्रमाणावर दोन टक्क्यांची मर्यादा आहे. तरी चौकातल्या कढईत तेच तेल दिवसभर पुन्हा पुन्हा उकळते, त्याला कुठली मर्यादा लावणार? अंड्याला लोक उगाच भितात. एक अंडे बहुतेकांना चालते. आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे: पथ्याने एलडीएल थोडे उतरते, ज्याचे १९० आहे त्याचे ७० होत नाही. तसे आश्वासन कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका.

खर्ऱ्याविषयी मात्र मी मवाळ बोलणार नाही. गोंदिया काय, बालाघाट काय, पन्नीत घोटलेला तंबाखूचा खर्रा पोरांच्या खिशात असतो. त्याने तोंडाचा कर्करोग होतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. हृदयाचा झटकाही येतो, हे फारसे कोणाला ठाऊक नाही. इंटरहार्टमध्ये तंबाखू चघळणाऱ्यांचा धोका न चघळणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघाला. कोलेस्टेरॉलची गोळी आणि खर्रा एकाच खिशात ठेवणाऱ्याला मी दर भेटीत हेच सांगतो आणि पुढेही सांगत राहीन.

आता गोळीकडे येतो. तिची कथा धानाच्या या जिल्ह्यात सांगायलाच हवी. जपानच्या अकिता प्रांतात एका शेतकरी कुटुंबात अकिरा एंडो यांचा जन्म झाला. लहानपणापासून त्यांना बुरशीचे वेड होते. पुढे टोकियोत सांक्यो या औषध कंपनीत त्यांनी असा विचार केला की बुरशी जंतूंपासून स्वतःचा बचाव करताना निरनिराळी रसायने सोडते, त्यातले एखादे कोलेस्टेरॉल तयार होण्याची वाट अडवणारेही असेल. सुमारे सहा हजार बुरश्या त्यांनी तपासल्या. १९७३ मध्ये हवे ते रसायन सापडले एका निळसर-हिरव्या बुरशीत, पेनिसिलियम सिट्रिनममध्ये. ती बुरशी क्योतोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावर वाढलेली होती. जगातले पहिले स्टॅटिन असे तांदळावरच्या बुरशीतून निघाले. यकृतात कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या एका विकराला ते अडवते. मग यकृताला तुटवडा भासतो आणि ते रक्तातले एलडीएल ओढून घेऊ लागते. ही ओढ कशी चालते हे ब्राउन आणि गोल्डस्टाइन या अमेरिकी जोडीने उलगडले, त्यांना १९८५ चे नोबेल मिळाले. एंडो यांना नोबेल मिळाले नाही. २०२४ साली नव्वदीत ते गेले. कोट्यवधी माणसे रोज रात्री त्यांचे ऋण घेऊन झोपतात, त्यांचे नाव मात्र फार थोड्यांना माहीत आहे.

गोळीने नुसता आकडा उतरतो की माणूसही वाचतो, ही शंका रास्त होती. तिचे उत्तर १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातून आले. हृदयविकार असलेल्या ४,४४४ रुग्णांच्या दोन गटांपैकी एकाला सिम्व्हास्टॅटिन दिले, दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. साडेपाच वर्षांच्या आसपास पाठपुरावा झाला. औषधाविनाच्या गटात २५६ जण दगावले, औषधाच्या गटात १८२. त्यानंतर झालेल्या अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा एलडीएल सुमारे ३९ ने उतरले की झटका-पक्षाघातांचे प्रमाण पाचव्या हिश्शाहून थोडे जास्त घटते, असे दिसले. एचडीएल वाढवणाऱ्या औषधांची गोष्ट उलटी झाली. टॉरसेट्रापिबने एचडीएल छान वाढले, पण रुग्ण जास्त दगावू लागले, म्हणून २००६ मध्ये ते बंद करावे लागले. तेव्हा ‘चांगले कोलेस्टेरॉल’ वाढवण्याच्या जाहिरातींमागे धावू नका.

“गोळीने अंग दुखते” ही तक्रार मी कधीच उडवून लावत नाही. काहींचे स्नायू खरोखर दुखतात, आणि क्वचित ते गंभीरही असते. लघवी गडद होऊ लागली, चालणे अवघड झाले, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टर गाठा. पण लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात २०२० मध्ये एक बारकाईचा प्रयोग झाला. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या साठ जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने खोटी गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे आलटून पालटून दिले. स्टॅटिनवर जो त्रास झाला त्यातला नव्वद टक्के खोट्या गोळीवरही झाला. वेदना खऱ्याच होत्या, पण त्या गोळी घेतो आहोत या धास्तीतून आलेल्या होत्या. हे समजावून सांगितल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली. मधुमेहाकडे झुकलेल्यांची साखर स्टॅटिनने किंचित वाढते, हेही खरे. तरी त्यांना हृदयाला होणारा फायदा त्याहून मोठा असतो. गरोदरपणाचा विचार करणाऱ्या मुलींनी मात्र ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. अटोरव्हास्टॅटिन सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे आणि जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळते, तेव्हा खर्चापायी ती थांबवण्याचे कारण फारसे उरलेले नाही.

गुग्गुळाविषयी मला हमखास विचारतात. त्याचा इतिहास अभिमानाचा आहे. १९६६ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतसंहितेतल्या मेदोरोगाच्या वर्णनावरून गुग्गुळाचा अभ्यास केला, आणि पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्यावर काम करून औषधही आणले. पण २००३ मध्ये अमेरिकेत काटेकोर चाचणी झाली, तेव्हा एलडीएल कमी व्हायच्याऐवजी थोडे वाढले. जिने प्रश्न इतका छान विचारला त्या परंपरेचा मान राखायचा, तर आलेले उत्तरही मान्य करावे. लसूण जेवणात खुशाल घाला, फक्त गोळीच्या जागी नको.

हे मी इतक्या पोटतिडकीने का सांगतो? छातीत कळ आल्यानंतरची पहिली वेळ फार मोलाची असते, आणि इथून अँजिओप्लास्टीसाठी बहुतेकांना नागपूर, जबलपूर किंवा रायपूर गाठावे लागते. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत नागपूर ही आपलीच राजधानी होती. राज्याची सीमा मध्ये आली तरी आजारपणात पावले तिकडेच वळतात. तो रस्ता काही तासांचा आहे. कळ आली तर आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन ईसीजी काढा, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथेच मिळत असेल तर घ्या, मग पुढे निघा. नागपूरला पोहोचल्यावर पाहू, म्हणून थांबू नका. ज्या गावाहून मोठे रुग्णालय दूर आहे, त्या गावाला रोजच्या गोळीची गरज शहरापेक्षा जास्त आहे.

बायकांविषयी वेगळे सांगायला हवे. पाळी जाईपर्यंत त्यांना थोडे संरक्षण असते, नंतर एलडीएल चढते. त्यांचा झटका पुष्कळदा छातीत दुखण्याऐवजी थकवा, जबड्यात कळ, मळमळ असा येतो, आणि घरात “ॲसिडिटी झाली असेल” म्हणून इनो दिला जातो. त्यांची तपासणी करताना थायरॉइडही पाहावे. थायरॉइड मंद असला की कोलेस्टेरॉल वाढते, आणि मग आधी उपचार थायरॉइडचा करायचा असतो.

शेवटचा मुद्दा कुटुंबांचा. साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला कोलेस्टेरॉल वाढवणारा दोष जन्मतःच आलेला असतो. त्याचे एलडीएल लहानपणापासून वाढलेले आणि मोठेपणी बहुधा १९० च्या वर असते, मग तो किती का बारीक असेना. टाचेच्या वरच्या शिरेवर टणक गाठ येणे, तरुणपणीच बुबुळाभोवती पांढरी कडी दिसणे, घरात कोणी चाळिशी-पन्नाशीच्या आत अचानक जाणे, या त्याच्या खुणा. आई किंवा वडिलांना हा दोष असेल, तर तो प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी असते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे, त्यात दोन्ही बाजूंनी हा दोष एकत्र आला तर मुलाचे एलडीएल पाचशेच्याही वर जाते आणि झटका विशीच्या आत येऊ शकतो. म्हणून घरातल्या कोणा तरुण माणसाला झटका आला असेल, तर त्याच्या सख्ख्या भावा-बहिणींची, मुलांची आणि आई-वडिलांची लिपिड तपासणी करून घ्या. मूल लहान आहे म्हणून थांबू नका, अशा घरात आठ-दहा वर्षांच्या मुलाचीही ही तपासणी करतात. आणि जुने रिपोर्ट फेकू नका. तारखेसह एका फाईलमध्ये लावून ठेवा आणि डॉक्टरकडे येताना ती सगळी फाईल घेऊन या. मला शेवटच्या कागदाइतकाच पहिला कागदही पाहायचा असतो.